योग्य उमेदवार

मॅडमनी माझा अर्ज दोन बोटांत धरला. ओला असल्यासारखा. मग चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "फ्रान्सला? एक वर्ष? तू?"

तीन प्रश्न. जोर तिसऱ्यावर.

मी उभी होते. समोर चार खुर्च्या रिकाम्या होत्या. बस असं कोणी म्हणालं नाही आणि आपण होऊन बसायचं मला सुचलं नाही. खिडकीजवळ इकॉनॉमिक्सचे सर बशीतून चहा पीत होते. ते म्हणाले, "मॅडम, आता तिकडेही कोटा सुरू झाला वाटतं."

सगळे हसले. मीही हसले. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायचंच असेल तर हेही लिहायला हवं. मीही हसले.

मॅडम आम्हाला फ्रेंच शिकवायच्या. विभागप्रमुख होत्या. एका परदेशी सरकारची शिष्यवृत्ती निघाली होती. एक वर्ष फ्रान्समध्ये राहायचं, तिथल्या विद्यापीठात भाषा शिकायची. तिकीट, राहणं, खाणं सगळं त्यांचं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना अर्ज करता येत होता. सोबत शिक्षकाचं शिफारसपत्र हवं होतं, फ्रेंचमध्ये लिहिलेलं. तेवढंच मागायला मी गेले होते. दुसऱ्या वर्षाला वर्गात पहिली मीच होते. ते मॅडमना माहीत होतं, पेपर त्यांनीच तपासले होते.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "तुमच्यातली मुलं शिकतात याचा आम्हाला आनंदच आहे. पण प्रत्येक गोष्ट सवलतीनं मिळत नाही गं. भाषा लहानपणापासून कानावर पडावी लागते. तुझ्या घरात शुद्ध मराठी तरी कोणी बोलतं का?"

"नाही मॅडम."

"मग?"

वीस वर्षांची होते मी. चौऱ्याऐंशी साल. कॉलेज पार्ल्यातलं.

"गुरुवारी ये," त्या म्हणाल्या. "लिहून ठेवते काहीतरी."

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहायचो. अजून राहतो. पत्र्याचं घर, पाण्याचा नळ खाली रस्त्याला. हंडे घेऊन वर चढायचं म्हणजे एकशे दहा पायऱ्या, त्याही आमच्याच लोकांनी दगड लावून केलेल्या. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, महापालिकेत झाडूखात्यात. आई एका दवाखान्यात आया. घरात एक लोखंडी कॉट, एक ट्रंक, भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर. शाळा पालिकेची, मराठी माध्यमाची.

फ्रेंच मी का घेतलं, हे मला अजून लोक विचारतात. कारण साधं आहे. अकरावीला कॉलेजात गेले तेव्हा इंग्रजीच्या तासाला मी 'मे आय कम इन' म्हटलं तरी मागच्या बाकावर खुसखुस व्हायची. ती पोरं बालवाडीपासून इंग्रजीत होती. माझ्यापुढे दहा-बारा वर्षं. मी कितीही धावले तरी ते अंतर तुटणार नव्हतं. फॉर्म भरताना कारकुनानं विचारलं, "दुसरी भाषा मराठी लिहू ना?" त्याच्या मागे नोटीसबोर्ड होता. त्यावर लिहिलं होतं, फ्रेंच, अगदी सुरुवातीपासून शिकवले जाईल.

सुरुवातीपासून. म्हणजे सगळ्यांना शून्यापासून. मी म्हटलं, "फ्रेंच लिहा."

कारकून माझ्याकडे बघत राहिला. पण लिहिलं त्यानं.

पुस्तकं महाग. शब्दकोश लायब्ररीतला, तो घरी न्यायला मिळायचा नाही. मी रोज एक तास बसून तो वहीत उतरवून काढायची. दोनशे पानी चौदा वह्या भरल्या. घाटकोपरहून अंधेरीला जाणाऱ्या बसमध्ये क्रियापदं पाठ करायची. साकीनाक्याला बस अडकली की मला बरं वाटायचं, अजून एक काळ पाठ होईल. नळावर रांगेतही तोंडात तेच. आई एकदा म्हणाली, "कुनाला शिव्या देतेस गं एवढ्या?"

गुरुवारी मॅडम नव्हत्या. शिपायानं पाकीट दिलं. म्हणाला, "डिंक संपलाय. तूच चिकटव."

मी बसस्टॉपवर उभी राहून पत्र उघडलं. वाचू नये असं कोणी सांगितलं नव्हतं. आणि माझ्याबद्दल फ्रेंचमध्ये कोणीतरी काहीतरी लिहिलंय याचीच मला मोठी उत्सुकता होती. खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता.

एक पान होतं. सुंदर अक्षर. विद्यार्थिनी अत्यंत सामान्य सामाजिक स्तरातून आलेली आहे. तो स्तर लक्षात घेता तिनं मिळवलेलं यश कौतुकास्पद म्हणावं लागेल. पाठांतर चांगलं. बौद्धिक झेप मर्यादित. परदेशात एकटीनं राहणं तिला झेपेल का, याबद्दल शंका वाटते. मात्र स्वभावानं ती दोसील आहे.

दोसील हा शब्द माझ्या वहीत होता. 'डी'च्या पानांवर, मीच उतरवलेला. सांगेल ते ऐकणारा, सहज वळवता येणारा. आणि पुढे कंसात, मुलांसाठी व जनावरांसाठी वापरतात.

बस आली आणि गेली. मी चढले नाही. आजूबाजूला बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास होता.

घरी दादा पायरीवर बसून पायाची भेग कापत होते. हातातलं पाकीट बघून म्हणाले, "मिळालं का पत्र? वाच की. तुज्या त्या भाषेत वाच, मग आमच्या भाषेत सांग."

मी वाचलं. मग सांगितलं. एकही शब्द सोडला नाही. का सोडला नाही, माहीत नाही. कदाचित मला त्यांनी चिडायला हवं होतं.

दादा चिडले नाहीत. ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलं. उठून आत गेले, ट्रंक उघडली आणि कापडात बांधलेले कागद काढले. त्यात एक पिवळा पडलेला कागद होता. दादांना वाचता येत नव्हतं, मला दिला. जुन्या मुकादमानं नोकरी कायम होताना लिहिलेला दाखला होता. 'सदर इसम काम चोख करतो. उलट बोलत नाही. सांगेल तिथे जातो.'

"आपल्याला वाटलं, चांगलं लिवलंय सायबानं," दादा म्हणाले. "तवापासनं जपून ठिवलाय."

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. तेही माझ्याकडे बघत नव्हते. दोघंही त्या कागदाकडे बघत होतो. ते म्हणाले, "तुजं पत्र देऊ नगं."

"मग अर्ज बाद होईल, दादा."

"हूं दे. पन ह्ये देऊन गेलीस तर तिथं बी हीच म्हनून जाशील."

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये गेले. या वेळी रिकामी खुर्ची ओढली आणि बसले. पाकीट मॅडमच्या समोर सरकवलं.

"मॅडम, हे मला नको."

"का गं?"

"मी दोसील नाही."

मॅडमचा चेहरा पांढरा झाला. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "तुला समजलं?"

चार वर्षं ज्यांनी मला फ्रेंच शिकवलं त्या बाई मला विचारत होत्या, तुला फ्रेंच समजलं? म्हणजे या चार वर्षांत एक दिवसही त्यांनी धरलं नव्हतं की मी शिकतेय.

"समजलं," मी म्हटलं. "तुम्हीच शिकवलंत."

मी उठले. जिन्यात येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. आपण आपलं वाटोळं केलं असं वाटत होतं. आणि छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. दोन्ही एकाच वेळी.

अर्ज मी तसाच पाठवला, पत्राशिवाय. शिफारसपत्राच्या रकान्यात लिहिलं, मुलाखतीत कारण सांगेन. मला वाटलं, टोपलीत जाईल. पण बोलावणं आलं. आईनं दवाखान्यातल्या नर्सबाईंची इस्त्रीची साडी मागून आणली. मुलाखत फोर्टात, एका थंडगार इमारतीत. टेबलापलीकडे तिघं. एक फ्रेंच बाई, एक फ्रेंच गृहस्थ आणि एक आपल्याकडचे सूटवाले. सूटवाल्यांनीच विचारलं, इंग्रजीत, पत्र का नाही?

मी फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. पत्र होतं, मी परत केलं. कारण त्यात मला दोसील म्हटलं होतं. ज न सुई पा दोसील. मी दोसील नाही.

सूटवाले म्हणाले, "शिक्षकांबद्दल असं बोलणं आपल्या संस्कृतीत बसत नाही."

फ्रेंच बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. मला सविस्तर सांगायला सांगितलं. मी सांगितलं. डोंगर, वह्या, बस, पत्र. दादांचा दाखला सुद्धा. मध्ये शब्द सापडेनात तेव्हा थांबले, दुसरे शोधले. स्त्रीलिंगाचं पुल्लिंग केलं, पुल्लिंगाचं स्त्रीलिंग. पण थांबले नाही. बाहेर आले तेव्हा साडी पाठीला चिकटली होती.

दीड महिन्यानं निवडीचं पत्र आलं. त्यांनी मला का घेतलं हे मला माहीत नाही. दया आली असेल तर तेही माहीत नाही. मी विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दुपारी वस्तीनं विहाराजवळ निरोप दिला. फ्रान्स कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. शेजारच्या सखूमावशीनं मसाल्याची पुडी दिली आणि विचारलं, "तिथं आपली मान्सं हायत का गं?" मी म्हटलं, नसतील. ती म्हणाली, "मंग बरं. कोन जात तर इचारनार न्हाई."

ते फ्रान्सच्या पूर्वेकडचं एक लहान शहर होतं. नदी, दगडी पूल आणि अशी थंडी की पहिल्या आठवड्यात माझ्या ओठांतून रक्त यायचं. होस्टेलच्या पाचव्या मजल्यावर खोली. स्वतःची खोली. दार आतून लावता येणारी. पहिले काही दिवस मी उगाच कडी लावायची आणि काढायची.

पहिला महिना मी जवळजवळ मुकी होते. पुस्तकातलं फ्रेंच हळू चालतं, दुकानातलं पळतं. पाववाली बाई काहीतरी विचारायची आणि मी भलतंच उत्तर द्यायची. पण ती चिडवायची नाही. परत विचारायची. मग मला कळलं की चूक झाली तर जग बुडत नाही. पार्ल्यात हे चार वर्षांत कळलं नव्हतं.

त्यांच्या भाषेत 'तुम्ही'ला वू म्हणतात आणि 'तू'ला त्यू. मला सगळे वू म्हणायचे. प्राध्यापक, पोस्टातला माणूस, बसचा ड्रायव्हर. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला अहो-जाहो करत होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाशी बोलतायत का म्हणून.

पण जिना पुसायला एक पोर्तुगीज बाई यायची. मारिया. पन्नाशीची. तिला सगळे त्यू म्हणायचे. विशीतली पोरंसुद्धा. तिनं पुसलेल्या ओल्या फरशीवरून बूट वाजवत जायची. मी दादांची लेक आहे. ओल्या फरशीवरून मला चालवलं नाही. मी थांबले आणि तिला म्हटलं, वू, तुमचं झालं की जाते. तिनं फडकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यानंतर रोज सकाळी आम्ही जिन्यात दहा मिनिटं बोलायचो. तिचंही फ्रेंच मोडकं, माझंही. तिथे मी जेवढं शिकले तेवढं वर्गात शिकले नाही. वर्गात एक फ्रेंच मुलगी मला म्हणाली होती, आमच्या देशात सगळे समान आहेत. मी तिला म्हटलं, तुमच्या जिन्यावर नाहीत.

सखूमावशीचं म्हणणं मात्र खरं ठरलं नाही. तिथे आपली माणसं होती.

एक मराठी कुटुंब, मूळचं पार्ल्याचंच. काका कारखान्यात इंजिनिअर, काकू घरी. विद्यापीठात कोणीतरी त्यांना माझ्याबद्दल सांगितलं. दिवाळीला काकूंनी जेवायला बोलावलं. दोन महिने मी वरणभात पाहिला नव्हता. मी साडी नेसून, बर्फासारख्या वाऱ्यातून, नाचत गेले म्हटलं तरी चालेल.

दारातच तळणाचा वास आला आणि डोळे भरून आले. काकूंनी मिठी मारली. "अगं किती बारीक झालीस. ये, आतच ये." त्यांनी मला कणीक मळायला दिली. पीठ मुंबईहून आणलेलं होतं, डब्यातून मोजून काढत होत्या. "जपून हं, तिकडचं शेवटचं आहे." मी घट्ट कणीक मळली, आई मळते तशी. काकू म्हणाल्या, "हात छान आहे गं तुझा." मग सहज विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?"

मी सांगितलं.

काकूंचा झारा कढईतच थांबला. "गाव कुठलं?" मी तेही सांगितलं. "राहता कुठे मुंबईत?" तेही.

"बरं बरं," काकू म्हणाल्या. आवाज तसाच गोड होता. "तू बाहेर बस बघू. पाहुणी आहेस, काम कसलं करतेस."

मी बाहेर जाऊन बसले. काकांनी मला सरबत दिलं. पेला ठेवायला म्हणून मी पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात गेले. काकूंची पाठ माझ्याकडे होती. त्या तिथल्या दुकानातलं नवं पीठ चाळत होत्या. आणि मी मळलेला कणकेचा गोळा केराच्या डब्यात पडला होता. वर कांद्याची सालं.

मुंबईहून जपून आणलेलं पीठ. शेवटचं.

ताटावर बसले. चार पुऱ्या खाल्ल्या, नव्या कणकेच्या. छान झाल्यात म्हणाले. काकूंच्या पाया पडले आणि परत आले. पाया पडले, हे मला त्या गोळ्यापेक्षा जास्त टोचत राहिलं.

त्या आठवड्यात वर्गात भूतकाळ चालू होता. सरांनी सांगितलं, तुमच्या आयुष्यातला एक प्रसंग लिहून आणा, सगळे भूतकाळ वापरून. मी तो गोळा लिहिला. तीन पानं. वर्गात वाचून दाखवली. कोणी हसलं नाही. कोणी रडलंही नाही, बरं झालं. सरांनी वही परत दिली तेव्हा समासात लाल शाईनं दोन खुणा होत्या. एक क्रियापद चुकलं होतं आणि एक लिंग. खाली लिहिलं होतं, पुढचं कधी लिहिणार?

दोन चुका. दोन्ही व्याकरणाच्या. बाकी मी बरोबर होते. हे मला कागदावर कोणी पहिल्यांदाच दिलं होतं.

संक्रांतीला होस्टेलच्या फोनवर काकूंचा आवाज. "अगं, तिळगूळ घ्यायला येतेस ना? बरीच मंडळी येणारेत, थोडी मदतही होईल."

"काय मदत, काकू?"

"हेच गं. भांडीबिंडी."

मी म्हटलं, "माझ्या हातची कणीक चालणार असेल तर येते."

मग काकू म्हणाल्या, "ठेवते हं." आणि फोन ठेवला.

मी पाच मजले चढून वर गेले तेव्हा दम लागला नाही.

वर्ष संपलं. पहिल्या वर्गाचं प्रमाणपत्र घेऊन परत आले. विद्यापीठात एम.ए. केलं, फ्रेंचमध्ये. अंधेरीला मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीत फ्रेंच कागदांचं मराठी-इंग्रजी करायचं काम मिळालं. चाललं होतं. मग एक दिवस दादा पेपराचा तुकडा घेऊन आले. वस्तीतल्या कोणीतरी वाचून दाखवला होता. त्याच पार्ल्याच्या कॉलेजात फ्रेंचच्या अधिव्याख्यात्याची जागा. मागासवर्गीयांसाठी राखीव.

मला जायचं नव्हतं. खरंच नव्हतं. दादा म्हणाले, "जागा कुनाची हाय?"

मी गेले.

टेबलापलीकडे चौघं. प्राचार्य, संस्थेचे एक विश्वस्त, विद्यापीठाचे तज्ज्ञ आणि मॅडम. मॅडम हसल्या. "आमचीच विद्यार्थिनी," त्यांनी इतरांना सांगितलं.

तज्ज्ञांनी दोन प्रश्न फ्रेंचमध्ये विचारले. मी उत्तरं दिली. त्यांनी मान डोलावली. तिसरा प्रश्न विचारायला लागले तेव्हा मॅडम मराठीत म्हणाल्या, "फ्रेंच चांगलंच आहे हो तिचं. प्रश्न तो नाही." मग माझ्याकडे वळल्या. "आपल्याकडची मुलं कुठल्या घरांतून येतात तुला माहीत आहे. त्यांच्यासमोर उभं राहायचं म्हणजे बोलणं, वागणं, एकूणच. मागच्या अनुभवाबद्दल सांग, मराठीत."

मी सांगायला लागले. बोलता बोलता म्हणून गेले, "होस्टेलात मी पोरींना मराठी शिकिवलं."

"शिकिवलं," विश्वस्त म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

जागा फ्रेंचची. चूक मराठीची. आणि चूक तरी कसली, माझी आई असंच बोलते.

पंधरा दिवसांनी नोटीसबोर्डवर कागद लागला. 'योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही.' राखीव जागेसाठी आलेली मी एकटीच होते. म्हणजे ते वाक्य माझंच नाव होतं.

मी ऑफिसात जाऊन कारण लेखी मागितलं. हेडक्लार्क भले गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं, "बाई, कशाला जिवाला त्रास करून घेता. तीन वेळा जाहिरात द्यायची, तीन वेळा योग्य उमेदवार नाही म्हणायचं. मग जागा खुली होते. माणूस ठरलेला आहे."

"आणि मी आलेच नसते तर?"

"मग तर सोपंच. उमेदवार आलाच नाही, एवढंच लिहायचं."

त्या दिवशी मला माझ्या अर्जाचा उपयोग कळला. नोकरी मिळवायला तो पुरेसा नव्हता. पण मी होते, आले होते, त्यांनी मला पाहिलं होतं आणि नाही म्हटलं होतं, याचा तो एकमेव पुरावा होता. मी घरी बसले तर ते पुसलं जातं.

दुसऱ्या वर्षी परत गेले. परत तेच टेबल. मॅडम म्हणाल्या, "तू पुन्हा?" मी म्हटलं, "जाहिरात पुन्हा आली, मीही आले." त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न मी त्यांच्यासमोर वहीत लिहून घेतला. विश्वस्त म्हणाले, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "कारण तुम्ही लेखी देत नाही, म्हणून प्रश्न मी लेखी घेते." नोटीसबोर्डवर तेच वाक्य लागलं.

मग मी विद्यापीठात जाऊन फ्रेंच एम.ए. झालेल्यांची यादी काढली. आपली माणसं शोधली. दोन सापडली. मुलुंडचे एक मास्तर, खाजगी क्लासात शिकवतात. बोरिवलीची एक बाई, दोन मुलांची आई, एअरलाइनच्या ऑफिसात टायपिंग करते. दोघांनाही ही जाहिरात माहीत होती. दोघांनीही अर्ज केला नव्हता. मास्तर म्हणाले, "आपल्याला कोण घेणार, म्हणून सोडून दिलं." बोरिवलीची बाई रडली. मी तिला रडू दिलं आणि मग फॉर्म पुढे केला.

तिसरी जाहिरात परवा आली. हे मी एकोणनव्वदच्या मे महिन्यात लिहितेय. मुलाखत जूनमध्ये आहे.

जागा एक आहे, आम्ही तिघं आहोत. ज्याला मिळेल त्याला मिळो, आमच्यात त्यावरून भांडण नाही. पण आता 'उमेदवार आला नाही' असं त्यांना लिहिता येणार नाही. आणि 'योग्य नाही' असं लिहायचं असेल तर ते तीन वेळा लिहावं लागेल, तीन नावांसमोर, तीन कारणांसह, सहीनिशी. ते लिहून मिळेपर्यंत त्या खोलीतल्या खुर्च्यांवरून आम्ही उठणार नाही. शिपाई बोलावला तरी नाही. पोलीस बोलावले तरी नाही.

मास्तरांनी विचारलं, डबा आणायचा का?

मी म्हटलं, दोन दिवसांचा आणा.